मोकळे फिरणारे मांजर आणि शेजारचे घर : ठाणे–नवी मुंबईत नव्याने राहायला आलेल्यांसाठी मार्गदर्शक

ठाणे किंवा नवी मुंबईत नव्याने घर घेणाऱ्याला पार्किंगवरून आणि पाणीगळतीवरून वाद होतात हे आधीपासून ठाऊक असते, पण मांजरावरून दोन घरांचे बोलणे बंद होऊ शकते याची कल्पना सहसा नसते. कुत्रा पट्टा लावून फिरवला जातो, त्यामुळे तो कुठे गेला आणि त्याने काय केले हे मालकाच्या डोळ्यांसमोर घडते. मांजराचे तसे नाही. ते पहाटे खिडकीतून बाहेर पडते, छज्ज्यावरून दोन-तीन गॅलऱ्या पालथ्या घालते, कुठे तरी माती उकरते, कुणाच्या तरी स्कूटरवर नखे साफ करते आणि जेवायच्या वेळी परत येऊन निवांत झोपते. मालकाला त्याचा घरातला अर्धा दिवस दिसतो आणि शेजाऱ्याला बाहेरचा अर्धा. म्हणूनच ‘आमचे मांजर असे करत नाही’ आणि ‘तुमचे मांजर रोज हेच करते’ ही दोन्ही वाक्ये बहुधा प्रामाणिकपणे बोललेली असतात. हे दोन अर्धे दिवस एकमेकांसमोर ठेवले गेले की बरेचसे वाद तिथेच मिटतात, आणि ते कसे ठेवावेत हाच या लेखाचा विषय आहे.

माझे मत सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. पहिली जबाबदारी मांजर पाळणाऱ्याची आहे, कारण ते घरात आणण्याचा निर्णय त्याने घेतला, शेजाऱ्याने नव्हे. मात्र त्रास खरा असला तरी मांजराला इजा करण्याचा किंवा ते पोत्यात घालून दूर सोडून येण्याचा अधिकार शेजाऱ्याला मिळत नाही.

पहिली पायरी : त्रासाला नेमके नाव द्या

‘त्या मांजराचा काही तरी बंदोबस्त करा’ या तक्रारीवर कुणालाही काही करता येत नाही. ‘तुळशीच्या कुंडीत रोज पहाटे घाण होते’ या तक्रारीवर उपाय आहे. ‘स्कूटरची सीट फाटली’ यावर वेगळा उपाय आहे आणि ‘बोके रात्रभर जिन्यात भांडतात’ यावर आणखी वेगळा. म्हणून तक्रार करण्याआधी दहा-पंधरा दिवस एका वहीत किंवा मोबाईलमध्ये तारीख, वेळ, जागा आणि काय घडले हे लिहून ठेवावे व शक्य तिथे छायाचित्र घ्यावे. मांजरे पहाटे आणि तिन्हीसांजेला अधिक हालचाल करतात आणि त्यांचे रस्ते ठरलेले असतात, त्यामुळे अशा नोंदींतून बहुतेक वेळा एक ठरावीक वेळ आणि एक ठरावीक वाट समोर येते.

मूत्राच्या तक्रारीत एक फरक विशेष लक्षात घ्यावा. दारावर, भिंतीवर, टायरवर किंवा चपलांच्या कपाटावर उभ्या पृष्ठभागावर थोडेसेच पण अत्यंत उग्र वासाचे मूत्र आढळले, तर ती हद्द आखण्यासाठी केलेली फवारणी असते आणि ती करणारा बहुधा नसबंदी न झालेला बोका असतो. सपाट जागी किंवा मऊ मातीत भरपूर ओल आढळली, तर ते मांजर शौचासाठी तिथे येते आहे. पहिल्या प्रकाराचा उपाय पशुवैद्याकडे आहे आणि दुसऱ्याचा मालकाच्या घरातल्या लिटर ट्रेमध्ये, म्हणजे मांजराच्या शौचासाठी लिटर भरून ठेवलेल्या परातीत. हा फरक न कळल्यामुळे लोक महिनोन्‌महिने चुकीच्या गोष्टीवर भांडतात.

आपण कोणत्या प्रकारच्या वस्तीत राहतो यावरही त्रासाचे स्वरूप ठरते. घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा कोलशेतच्या उंच इमारतींत मांजर जिना, पॅसेज, डक्ट आणि पार्किंग एवढ्यातच फिरते. तिथे तक्रारी वासाच्या आणि गाड्यांच्या असतात. ऐरोली, कोपरखैरणे, घणसोली इथल्या सिडकोच्या रो-हाऊसना भिंतीला भिंत लागलेली असते आणि पत्रे व गच्च्या सलग असतात, त्यामुळे मांजराला एका टोकाच्या घरापासून दुसऱ्या टोकाच्या घरापर्यंत जमिनीवर पाय न ठेवता जाता येते. बेलापूरच्या आर्टिस्ट्स व्हिलेजमध्ये घरे सामायिक अंगणाभोवती असल्याने कोणाची हद्द कुठे संपते हेच मांजराला सांगता येत नाही. चेंदणी कोळीवाड्यात किंवा दिवाळे गावात सुकट-बोंबील वाळत घातलेले असतात. तिथे मांजर आले तर तो केवळ उपद्रव राहत नाही, कष्टाच्या मालाचे नुकसान होते, आणि त्याकडे त्याच गांभीर्याने पाहिले पाहिजे.

दुसरी पायरी : मांजर खरोखर कोणाचे आहे हे तपासा

एकाच रंगाची तीन मांजरे एका आवारात असणे ही सामान्य गोष्ट आहे. करड्या पट्ट्यांच्या मांजरांत तर माणसाची हमखास गल्लत होते. त्यामुळे कुणाच्याही दारावर जाण्याआधी छायाचित्र नीट पाहावे, गळ्यात पट्टा आहे का आणि कानाचे टोक सरळ कापलेले आहे का हे बघावे. कानाचे टोक कापलेले असेल तर ते सहसा नसबंदी करून पुन्हा त्याच जागी सोडलेले वस्तीतले मांजर असते. ती जखम नसते. दुरून ओळख पटावी म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळीच केलेली खूण असते.

मालक सापडत नसेल तर एक साधी युक्ती उपयोगी पडते. मांजर माणसाळलेले असेल तर कागदाची सैल पट्टी त्याच्या गळ्याभोवती लावावी, ती चिकटपट्टीने अशी जोडावी की अडकल्यास लगेच फाटेल, आणि तिच्यावर ‘हे मांजर आपले आहे का? कृपया या क्रमांकावर कळवा’ एवढेच लिहावे. मांजर पाळीव असेल तर पट्टी त्याच्या घरी पोहोचते. पट्टी दोन दिवसांनी तशीच परत आली, तर मांजराला घर नसण्याची शक्यता मोठी आहे. मग प्रश्न एका शेजाऱ्याचा राहत नाही, संपूर्ण सोसायटीचा होतो.

इथे एक गुंतागुंत येते. अनेक इमारतींत एखाद्या काकू किंवा वॉचमन मांजराला रोज खाऊ घालतात, पण ‘मांजर माझे’ असे म्हणत नाहीत. अशा व्यक्तीला मालक ठरवून दोषी धरणे योग्य नाही. मात्र खाऊ कुठे आणि केव्हा घालायचा, उरलेले कोण उचलायचे आणि नसबंदीसाठी मांजर पकडायला मदत कोण करणार हे त्यांच्याशीच ठरवावे लागते, कारण मांजर त्यांच्याच हाकेला येते.

तिसरी पायरी : आधी बोला, आणि जपून बोला

पहिले बोलणे समोरासमोर व्हावे. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर छायाचित्र टाकून सुरुवात केली की समोरच्याला साठ-सत्तर घरांसमोर बचाव करावा लागतो आणि त्यानंतर तो उपाय ऐकून घेत नाही. जेवणाच्या वेळा आणि घाण नुकतीच सापडली आहे तो रागाचा क्षण टाळावा.

आपण त्रास सहन करणारे असाल तर वाक्य साधारण असे असावे: ‘ताई, पंधरा दिवसांपासून पहाटे साडेपाचच्या सुमारास तुमची मनी आमच्या गॅलरीत येते आणि तुळशीत घाण करते. आईंची पूजा असते, त्यामुळे त्यांना फार वाईट वाटते. रात्री तिला घरात ठेवता येईल का? आम्हीही कुंडीवर जाळी टाकतो आहोत.’ यात वेळ आहे, जागा आहे, कारण आहे, एकच मागणी आहे आणि आपल्याकडून काय केले जाईल हेही आहे.

आपण मालक असाल तर पहिले उत्तर ‘ती दुसरीच असेल’ हे नसावे. ‘मला छायाचित्र पाठवा, मी आजपासून लक्ष ठेवतो’ एवढे म्हणावे आणि त्याच दिवशी एकदा जाऊन जागा पाहावी. शक्य असल्यास घाण स्वतः साफ करून द्यावी. नुकसान लहान असेल, जसे की फाटलेले सीट कव्हर, तर ते भरून देण्याची तयारी स्वतःहून दाखवावी. मांजर पाळणाऱ्या माणसाला शेजाऱ्याच्या सदिच्छेची गरज असते. मांजर हरवले, गच्चीवर अडकले किंवा गाडीखाली आले तर पहिला फोन शेजारीच करणार असतो.

चौथी पायरी : पाळणाऱ्याने आपल्या घरात करायच्या गोष्टी

हा या लेखाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, कारण तक्रारींचा बहुतांश उगम इथेच थांबवता येतो.

नसबंदी सर्वांत आधी करावी. मांजर चार ते सहा महिन्यांचे झाले की वयात येऊ शकते, आणि भाटीचा (मादी मांजराचा) गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असल्याने एकाच वर्षात तिला एकाहून अधिक वेळा पिल्ले होऊ शकतात. पशुवैद्य साधारण पाच-सहा महिन्यांच्या सुमारास शस्त्रक्रियेचा सल्ला देतात. बोक्याची नसबंदी झाल्यावर फवारणी, भटकणे आणि मारामारी बऱ्याच प्रमाणात कमी होते, पण हा बदल दुसऱ्या दिवशी दिसत नाही. संप्रेरकांचा परिणाम ओसरायला काही आठवडे लागतात, आणि ही मुदत शेजाऱ्यांना आधीच सांगून ठेवावी. ‘एकदा तरी पिल्ले होऊ द्यावीत’ हा समज अजून अनेक घरांत आढळतो. त्याला वैद्यकीय आधार नाही, आणि त्या पिल्लांतली काही शेवटी पार्किंगमध्येच वाढतात.

लसीकरण लगोलग करावे. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांच्या वयात दिली जाते आणि त्यानंतर पशुवैद्य सांगतील त्याप्रमाणे, सहसा दरवर्षी, पुन्हा द्यावी लागते. लसीची नोंदवही सांभाळून ठेवावी. शेजारच्या घरात लहान मूल असेल आणि मांजराने ओरखडले, तर त्या वेळी हीच वही घबराट आटोक्यात ठेवते.

लिटर ट्रे हा प्रश्न अनेक जण हलक्यात घेतात. ‘आमचे मांजर बाहेरच जाते, घरात घाण करत नाही’ असे अभिमानाने सांगितले जाते, पण ते बाहेर जिथे जाते ती जागा कुणाची तरी असते. घरात जितकी मांजरे, त्याहून एक ट्रे अधिक असावा. तो शांत कोपऱ्यात, जेवणाच्या जागेपासून दूर असावा आणि रोज साफ व्हावा. मळका ट्रे मांजर टाळते आणि शेजारची कुंडी शोधते. वापरलेले लिटर पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावे. ते कमोडमध्ये कधीही टाकू नये, कारण गुठळ्या बांधणारे लिटर पाण्यात फुगते, पाइप तुंबतो आणि खालच्या मजल्याशी नवा वाद सुरू होतो. ट्रे वापरणारे मांजर अचानक बाहेर लघवी करू लागले तर आधी पशुवैद्याकडे न्यावे. बोका वारंवार बसतो आहे पण लघवी होत नाही असे दिसले तर ती तातडीची वेळ आहे आणि सकाळपर्यंत थांबू नये.

आता मोकळे सोडण्याविषयी. शहरातले मांजर घरातच राहावे, असे माझे ठाम मत आहे. उंचावरून पडणे, गाड्या, कुत्री, बोक्यांच्या मारामारीतून पसरणारे आजार हे धोके प्रत्येक भागात आहेत; येऊरच्या पायथ्याशी, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेल्या वस्त्यांत रात्री बिबट्याचाही धोका असतो. मोकळे मांजर स्वतःही पक्षी आणि सरडे मारते, आणि ज्या शेजाऱ्याने गॅलरीत चिमण्यांसाठी पाणी ठेवले आहे त्याचा राग त्यामुळे समजण्यासारखा असतो.

पण बाहेर फिरायची सवय झालेले मांजर एका दिवसात कोंडता येत नाही. सुरुवात रात्रीपासून करावी. दिवसातले मुख्य जेवण संध्याकाळी, ठरलेल्या वेळी आणि घरातच द्यावे, त्यानंतर खिडक्या बंद कराव्यात आणि सकाळी उशिरा उघडाव्यात. एवढ्यानेच पहाटेच्या बऱ्याच तक्रारी थांबतात. झोपण्याआधी दहा-पंधरा मिनिटे त्याच्याशी दोरीने किंवा काडीने खेळावे, खिडकीपाशी बसायला उंच फळी द्यावी, नखे घासायला सुतळी गुंडाळलेला खांब द्यावा. मग बाहेरचा वेळ आठवड्यागणिक कमी करत न्यावा. या बदलाला पावसाळ्याइतका चांगला काळ नाही: जूनमध्ये आपल्याकडे पाऊस लागला की मांजर स्वतःच कोरडी जागा शोधत घरात येते, आणि गणपतीपर्यंत त्याला घरची सवय लागलेली असते.

गॅलरीला जाळी बसवताना कबुतरांसाठी लावतात ती बारीक नायलॉनची जाळी पुरेशी नसते, कारण मांजर ती दातांनी तोडू शकते. जाड व मजबूत जाळी घ्यावी, तिची भोके पिल्लाचे डोके बाहेर जाणार नाही इतकी लहान असावीत आणि कडा चारही बाजूंनी घट्ट बसवाव्यात. उभ्या तारांच्या ‘इनव्हिजिबल ग्रिल’मधल्या फटींतून सडपातळ मांजर सहज निसटते. जाळी आतल्या बाजूने बसवल्यास इमारतीचे बाह्यरूप बदलत नाही, तरीही काम सुरू करण्याआधी कमिटीला एक पत्र दिलेले चांगले.

भाड्याने राहणाऱ्यांनी लिव्ह अँड लायसन्सच्या करारात पाळीव प्राण्यांविषयी काय लिहिले आहे हे सही करण्यापूर्वी वाचावे आणि मांजर आहे हे घरमालकाला स्पष्ट सांगावे. लपवलेले मांजर पहिल्याच तक्रारीत उघड होते.

पाचवी पायरी : त्रास होणाऱ्याने करायच्या आणि टाळायच्या गोष्टी

आपल्या बाजूने काही करावे लागणे अन्यायाचे वाटू शकते. तरीही काही उपाय इतके सोपे आहेत की ते न करता महिनाभर भांडत राहण्यात अर्थ नाही. कुंडीतल्या मातीवर बारीक तारेची जाळी कापून ठेवावी किंवा गोटे पसरावेत. मांजराला उकरायला मऊ माती मिळाली नाही की ते जागा बदलते. संत्र्या-मोसंबीच्या सालींचा वासही काही मांजरांना आवडत नाही, पण साली वाळल्या की उपयोग संपतो. स्कूटरच्या सीटवर जाड कव्हर घालावे. पावसाळ्यात आणि थंडीत गाडी सुरू करण्याआधी बॉनेटवर दोन थापा माराव्यात, कारण उबेसाठी पिल्ले इंजिनापाशी जाऊन बसतात.

मूत्राचा डाग नुसत्या पाण्याने धुतला तर वास मांजराच्या नाकाला तसाच राहतो आणि ते पुन्हा तिथेच येते. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळणारे एन्झाइमयुक्त क्लीनर यासाठी सर्वांत उपयुक्त ठरते. अमोनियाचा वास असलेली द्रावणे टाळावीत, कारण तो वास मूत्राशी मिळताजुळता असल्याने मांजर उलट तिथे ओढले जाते. मूत्रावर थेट ब्लीच ओतल्यास डोळ्यांना व घशाला झोंबणारा वायू तयार होतो, म्हणून तेही करू नये.

काही गोष्टी कोणत्याही परिस्थितीत वापरू नयेत. डांबरगोळ्या कोपऱ्यांत टाकणे ही आपल्याकडची जुनी सवय आहे, पण त्या मांजरासाठी विषारी असतात आणि लहान मुलाने तोंडात घातल्या तर त्यालाही तितक्याच घातक असतात. काळे फिनाईल मांजराच्या पंजांना लागते, ते पंजे चाटते आणि विष पोटात जाते. त्याचे यकृत असे पदार्थ निकामी करू शकत नाही. तिखटपूड, उंदराचे औषध आणि उंदरांसाठीचे चिकट बोर्ड हेही वापरू नयेत. सोसायटी उंदरांवर औषध टाकणार असेल तर तारीख आणि जागा सूचनाफलकावर आधीच लावावी, म्हणजे मांजर पाळणाऱ्यांना ते घरात ठेवता येईल. मांजराला हुसकावण्यासाठी टाळी किंवा साध्या पाण्याचा फवारा पुरेसा असतो.

घरात गर्भवती स्त्री असेल तर मांजराच्या विष्ठेतून होणाऱ्या टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीच्या संसर्गाची भीती वारंवार बोलून दाखवली जाते. ती निराधार नाही, पण तिचे प्रमाण समजून घ्यावे. संसर्ग झालेले मांजरही त्याचे जंतू सहसा दोन-तीन आठवडेच बाहेर टाकते आणि ते विष्ठेत पडल्यानंतर एक ते पाच दिवसांनी संसर्गजन्य होतात. त्यामुळे घाण त्याच दिवशी उचलली, गर्भवतीने कुंडीतली माती हाताळताना हातमोजे घातले आणि भाज्या नीट धुतल्या तर धोका बराच कमी होतो.

चावा किंवा ओरखडा झाला तर

या प्रसंगी वाद बाजूला ठेवावा. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, चुना, तिखट काहीही लावू नये. त्यानंतर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. रेबीजची लस कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात, वाशीच्या महापालिका रुग्णालयात आणि इतर सरकारी रुग्णालयांत मिळते. त्वचा फुटून रक्त आले असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडे) देण्याची गरज असते, म्हणून जखम डॉक्टरांना नीट दाखवावी. मांजराचे दात सुईसारखे असल्याने वरून लहान दिसणारा चावा आत खोलवर पिकू शकतो, हेही सांगावे.

अशा वेळी ‘हे मांजर आजच्या आज इथून हलवा’ अशी मागणी होते. ती मान्य करू नये, आणि यात हित चावा झालेल्या माणसाचेच आहे. चावलेल्या मांजरावर दहा दिवस लक्ष ठेवायचे असते. ते या काळात निरोगी राहिले तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू नव्हता हे कळते. मांजर दूर नेऊन सोडले तर ही माहिती कायमची जाते. उपचार मात्र दहा दिवस थांबवून ठेवायचे नसतात. ते लगेच सुरू करायचे असतात.

सहावी पायरी : बोलून झाले नाही तर लेखी

दोनदा बोलूनही फरक पडला नाही तर छोटे, सभ्य पत्र द्यावे. त्यात नोंदींतील तारखा, छायाचित्रे, एकच स्पष्ट विनंती आणि मुदत असावी. उदाहरणार्थ: ‘सप्रेम नमस्कार. दि. ३ ते १७ या काळात आपले पांढरे-करडे मांजर अकरा वेळा आमच्या गॅलरीत आले व तीन कुंड्यांचे नुकसान झाले. रात्री दहा ते सकाळी आठ या वेळात ते घरात ठेवावे, ही विनंती. आम्ही कुंड्यांवर जाळी बसवली आहे. महिन्याभराने पुन्हा भेटू.’ पत्रात स्वभावाविषयी, संस्काराविषयी किंवा ‘तुमच्यासारखे लोक’ अशा अर्थाचे एकही वाक्य नसावे. हे पत्र पुढे कमिटी किंवा पोलीसही वाचू शकतात.

त्यानंतर सेक्रेटरींना अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. व्यवस्थापकीय समितीने दोन्ही घरांना एकत्र बसवून चार गोष्टी लिहून घ्याव्यात: मांजर कोणत्या वेळी घरात राहील, नसबंदी व लस केव्हा होईल, घाण झाली तर कोण साफ करील आणि पुन्हा केव्हा भेटायचे. सामायिक जागेत खाऊ घालण्याची जागा आणि वेळ ठरवणे, पॅसेज स्वच्छ ठेवण्याचा नियम करणे हे कमिटीच्या अखत्यारीत येते. मांजर पाळूच नये असा ठराव करणे किंवा माणूस बोलावून मांजरे उचलून नेणे हे येत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचना मुख्यतः कुत्र्यांविषयी आहेत, पण सर्वांची संमती घेऊन किंवा उपविधी बदलूनही पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, ही त्यांतली भूमिका मांजराच्या वादातही मांडली जाते. त्याच सूचनांत पाळणाऱ्यांनी लस, नसबंदी आणि स्वच्छता यांची काळजी घ्यावी असाही आग्रह आहे. बंदीचा मुद्दा तेवढा उचलून जबाबदारीचा मुद्दा वगळणाऱ्या मालकाचे कमिटीपुढे फार काळ चालत नाही.

अस्वच्छता सामायिक जागेत पसरली असेल आणि सोसायटी काहीच करत नसेल, तर ठाण्यात प्रभाग समिती कार्यालयाकडे आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयाकडे तक्रार देता येते. वाद चिघळला असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा विचार वकिलाच्या नोटिशीआधी करावा. तिथे मध्यस्थीची सोय असते, स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत विधी साहाय्य मिळू शकते आणि १५१०० या क्रमांकावर माहिती मिळते. दोन शेजाऱ्यांतल्या मांजराच्या वादासाठी न्यायालयात वर्षे घालवण्यापेक्षा त्रयस्थासमोर दोन तास बसणे कधीही श्रेयस्कर आहे.

सातवी पायरी : पोलीस केव्हा

धमकी, मारहाण, मांजराला विष घालणे, जखमी करणे किंवा पळवून नेणे यांपैकी काही घडले तर बोलण्याची पायरी संपलेली असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार प्राण्याला ठार मारणे, विष घालणे किंवा अपंग करणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियमाचे कलम ११ क्रूरतेच्या इतर प्रकारांना लागू होते, आणि पाळलेल्या प्राण्याचे भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला टाकून देणे हाही त्यात गुन्हा आहे. त्या कायद्यातला पहिल्या गुन्ह्याचा दंड आजही दहा ते पन्नास रुपये एवढाच आहे, त्यामुळे तक्रार देताना संहितेचे कलमही नमूद करावे.

हा नियम पाळणाऱ्यालाही लागू आहे. वादाला कंटाळून स्वतःचेच मांजर मासळी बाजारात किंवा खाडीकिनारी सोडून येणारे लोक आहेत. घरात वाढलेले मांजर तिथे तगत नाही, आणि कायद्याच्या दृष्टीने ती सुटका नसून परित्याग आहे.

विषबाधेचा संशय असेल आणि मांजर जिवंत असेल तर उलटी करवण्याचा प्रयत्न न करता, सापडलेले अन्न किंवा उलटीचा नमुना पिशवीत घेऊन थेट पशुवैद्याकडे जावे. परळचे प्राण्यांसाठीचे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय ठाणे-नवी मुंबईकरांनाही उपलब्ध आहे. मांजर दगावले असेल तर दुःखाच्या भरात लगेच पुरू नये. मृतदेह प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बर्फात ठेवावा, पोलिसांत तक्रार द्यावी आणि शवविच्छेदनाची मागणी करावी. शवविच्छेदन अहवालाशिवाय विषाचा आरोप सिद्ध होणे अवघड असते. कुणावर संशय आहे हे पोलिसांना सांगावे, ग्रुपवर लिहू नये.

गावाला जाताना

मिटलेला वाद पुन्हा उफाळण्याची सर्वांत मोठी शक्यता मे महिन्यात आणि गणपतीत असते. मालक कोकणात किंवा घाटावर जातात, वॉचमनला थोडे पैसे देऊन ‘खाऊ घाला’ असे सांगतात आणि खिडकी उघडी ठेवतात. मग दहा दिवस मांजर पूर्ण वेळ बाहेर असते आणि महिन्याभराची सवय मोडते. त्याऐवजी रोज घरी येऊन खाऊ देईल आणि ट्रे साफ करील असा एक माणूस ठरवावा, त्याला किल्ली द्यावी, पशुवैद्याचा क्रमांक फ्रिजवर लावावा आणि जाण्याच्या आदल्या दिवशी ज्या शेजाऱ्याची तक्रार होती त्याला स्वतः जाऊन सांगावे की आम्ही अमुक तारखेपर्यंत नाही, मनी घरातच असेल, आणि ती तुमच्या गॅलरीत दिसली तर या क्रमांकावर फोन करा.